‘केलीज हिरोज’: महायुद्ध सुरू असताना बँकेवर दरोडा घालणाऱ्या सैनिकांची गोष्ट साडेपाच दशकांनंतरही का पाहिली जाते?

दुसऱ्या महायुद्धावरच्या सिनेमांची यादी काढली तर ती संपता संपत नाही. त्यातले बरेचसे एकदा पाहून विसरले जातात. काही मात्र दर पाच-सात वर्षांनी नव्या प्रेक्षकांच्या हाती लागतात आणि ‘हा पाहिला नाहीस अजून?’ असं म्हणत पुढे पाठवले जातात. १९७० मध्ये आलेला ‘केलीज हिरोज’ हा त्यातलाच एक. जून २०२४ मध्ये अभिनेते डोनाल्ड सदरलँड यांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्या आठवणींमध्ये ‘मॅश’सोबत याही सिनेमाचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं.

गंमत म्हणजे हा सिनेमा ‘महान युद्धपट’ या व्याख्येत कुठेच बसत नाही. त्यात देशभक्तीचं भाषण नाही, शत्रूचा खलनायक नाही, शेवटी झेंडाही फडकत नाही. आहे ते फक्त सोनं, आणि ते पळवायला निघालेली दमलेल्या सैनिकांची एक टोळी. मग त्यात असं काय आहे की तो अजून टिकून आहे? समजून घेऊया. (पुढे सिनेमाचा शेवट उघड केला आहे. आधी पाहायचा असेल तर इथेच थांबा.)

नेमकी गोष्ट काय?

साल १९४४. नॉर्मंडीच्या लढाईनंतर अमेरिकी सैन्य फ्रान्समधून पुढे सरकतंय. केली (क्लिंट ईस्टवूड) हा एकेकाळचा लेफ्टनंट. वरिष्ठांच्या चुकीच्या आदेशाचं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं आणि तो थेट साधा शिपाई झाला. त्याच्या हाती एक जर्मन अधिकारी लागतो. त्याच्या सामानात शिशाचा मुलामा दिलेली वीट सापडते आणि आत निघतं सोनं. अधिकाऱ्याला दारू पाजून केली बाकीची माहिती काढून घेतो. शत्रूच्या हद्दीत सुमारे तीस मैल आत, क्लेरमाँ नावाच्या गावातल्या बँकेत अशा १४ हजार विटा आहेत. किंमत १ कोटी ६० लाख डॉलर.

पलटणीला तीन दिवसांची विश्रांती मिळालेली असते. कॅप्टन स्वतःसाठी पळवलेली नौका सुरक्षित ठिकाणी पोहोचवायला निघून जातो. तेवढ्या तीन दिवसांत शत्रूची फळी भेदायची, बँक फोडायची आणि पसार व्हायचं, असा बेत ठरतो.

दरोड्याच्या गोष्टीला लागते ती सगळी मंडळी जमते. बिग जो (टेली सवालस) हा सार्जंट आधी ठाम विरोध करतो, कारण त्याला पोरांना जिवंत घरी न्यायचंय. क्रॅपगेम (डॉन रिकल्स) हा कोठारावरचा सार्जंट. लष्करी सामानाच्या आडून स्वतःचा धंदा चालवणारा, प्रत्येक गोष्टीत ‘माझा वाटा किती?’ विचारणारा. आणि ऑडबॉल (डोनाल्ड सदरलँड), तीन शर्मन रणगाड्यांचा मालक असल्यासारखा वागणारा अवलिया. निराशेचं बोलणाऱ्या प्रत्येकाला तो ‘नकारात्मक लहरी सोडू नकोस’ म्हणून दटावतो.

दरोडा आणि युद्ध यांचं मिश्रण इतकं का जमलं?

पटकथाकार ट्रॉय केनेडी मार्टिन यांनी याच्या आदल्याच वर्षी ‘द इटालियन जॉब’ लिहिला होता. दरोडापटाची यंत्रणा त्यांना तोंडपाठ होती: खबर, माणसांची जुळवाजुळव, योजना, योजनेचा बट्ट्याबोळ, ऐनवेळची नवी युक्ती आणि शेवटची वाटणी. दिग्दर्शक ब्रायन हटन यांनी ईस्टवूडलाच घेऊन १९६८ मध्ये ‘व्हेअर ईगल्स डेअर’ हा युद्धपट केला होता. दोन जाणकारांचे दोन हातखंडे इथे एकत्र आले.

पण खरी मेख वेगळी आहे. नेहमीच्या दरोडापटात चोर कायद्याच्या विरोधात असतात. इथे गणवेश अंगावर आहे, शस्त्रं सरकारी आहेत, आणि दिवसभर जे करायचं ते रोजचंच: पूल ओलांडायचा, गाव घ्यायचं, शत्रूशी लढायचं. फरक एवढाच की आज पहिल्यांदा ते स्वतःसाठी करायचंय. त्यामुळे होतं काय, की जी माणसं हुकमावरून कुरकुरत पुढे सरकायची, तीच स्वतःहून तीस मैल शत्रूच्या पोटात घुसतात.

विनोदाचा कळस इथेच आहे. मागे मुख्यालयात जनरल कोल्ट (कॅरोल ओ’कॉनर) वैतागून बसलाय, कारण आघाडी हलत नाहीये. त्याला रेडिओवर या टोळीचं बोलणं ऐकू येतं आणि तो हरखून जातो. आपले वीर जवान शौर्याने शत्रूला चिरत चाललेत, असं समजून तो पदकं गोळा करून त्यांच्या मागे धावतो. लोभाने केलेलं काम त्याला देशभक्ती वाटतं. आणि सिनेमा प्रेक्षकाला विचारतो, की बाहेरून पाहिलं तर दोन्हीत फरक कसा ओळखायचा?

१९७० हे वर्ष का महत्त्वाचं?

सिनेमा १९४४ बद्दल असला तरी तो बनला व्हिएतनाम युद्धाच्या सावलीत. एप्रिल १९७० च्या अखेरीस अमेरिकी फौजा कंबोडियात शिरल्या. त्याविरोधात निदर्शनं पेटली आणि ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या गोळीबारात चार विद्यार्थी मारले गेले. पुढच्याच महिन्यात ‘केलीज हिरोज’ थिएटरात आला.

त्याच वर्षी आणखी तीन युद्धपट आले. ‘मॅश’ने लष्करी इस्पितळातल्या डॉक्टरांच्या खोड्यांमधून युद्धाची थट्टा केली. ‘कॅच-२२’ने नियमांच्या वेडेपणावर बोट ठेवलं. आणि ‘पॅटन’ने एका वादग्रस्त जनरलचं भव्य चित्र उभं केलं, ज्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. एकाच वर्षात एका पडद्यावर जनरलचा दबदबा आणि दुसऱ्यावर जनरलचं हसं. तेव्हाचा अमेरिकी समाज किती दुभंगलेला होता, हे यावरून कळतं.

ऑडबॉलकडे या नजरेने पाहा. दाढी, वाढलेले केस, संथ बोलणं, वाइन आणि चीजच्या सोबतीने ऊन खात पडून राहणं. १९४४ मध्ये असा हिप्पी कुठून येणार? काही समीक्षक याला काळाची चूक म्हणतात. मला ती चूक वाटत नाही. ज्या तरुणांना तेव्हा व्हिएतनामला पाठवलं जात होतं, त्यांचा प्रतिनिधी पटकथेने थेट वडिलांच्या पिढीच्या ‘चांगल्या’ युद्धात नेऊन बसवला. तो लढतो, पण आपल्या अटींवर. त्याच्या रणगाड्यांवर भोंगे बसवलेत आणि हल्ला करताना त्यातून गाणी वाजतात. तोफेत रंग भरलेले गोळे आहेत. तोफेच्या नळीला पुढे पाइप जोडलाय, म्हणजे तोफ मोठी वाटावी. इंजिनात अशी कारागिरी केलीये की रणगाडा पुढे जाईल तितक्याच वेगाने मागेही पळेल, कारण अडचणीत शिरण्याइतकंच अडचणीतून निसटणंही महत्त्वाचं.

यंत्रवेड्यांना हा सिनेमा इतका प्रिय का?

ज्यांना गिअरबॉक्स आणि तोफा यांत रस आहे, त्यांच्यासाठी हा सिनेमा म्हणजे मेजवानी. चित्रीकरण तेव्हाच्या युगोस्लाव्हियात झालं. गावातला शेवटचा मोठा प्रसंग आज क्रोएशियात असलेल्या इस्त्रिया भागातल्या विझिनादा या गावात चित्रित झाला. जागा निवडण्यामागे व्यावहारिक कारण होतं. स्टालिनशी फाटल्यानंतर टिटोंच्या युगोस्लाव्हियाला १९५० च्या दशकात अमेरिकेकडून लष्करी मदत मिळाली होती. त्यामुळे तिथल्या सैन्याकडे चालू स्थितीतले शर्मन रणगाडे होते. आज जे संगणकावर रंगवलं जातं, ते इथे खरोखरचं तीस टनांचं लोखंड आहे. भिंत पडते तेव्हा ती खरंच पडते, आणि धुरळाही खरा असतो.

जर्मन ‘टायगर’ मात्र खरे नाहीत. ते सोव्हिएत टी-३४ रणगाडे आहेत, वरून पत्रे चढवून टायगरसारखे केलेले. ओळखायचे कसे? खऱ्या टायगरची चाकं एकमेकांवर चढवल्यासारखी, गुंफलेली असतात. पडद्यावरच्या टायगरला प्रत्येक बाजूला पाच मोठी, सुटी चाकं दिसतात, ती टी-३४ ची खूण. तरीही १९७० पर्यंतच्या सिनेमांत जर्मन म्हणून कुठलाही रणगाडा खपवला जायचा, त्या तुलनेत हे काम फारच इमानदारीचं आहे.

शर्मन विरुद्ध टायगर हा सामनाही सिनेमाने समजून घेतलाय. टायगर सुमारे ५७ टनांचा, ८८ मिलिमीटरची तोफ, समोर १०० मिलिमीटरचं चिलखत. समोरासमोर शर्मनचा टिकाव लागणं कठीण. म्हणून ऑडबॉल गावाच्या अरुंद गल्ल्यांमधून लपतछपत टायगरच्या मागच्या बाजूला, म्हणजे चिलखत पातळ असतं तिथे पोहोचतो. ताकद कमी असेल तर जागा आणि वेळ निवडायची, हा गनिमी काव्याचा धडा मराठी वाचकाला वेगळा शिकवायला नको. (या काळातले रणगाडे प्रत्यक्ष पाहायचे असतील तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आपल्या जवळच आहे.)

सोन्याचा हिशेब जुळतो का?

थोडी आकडेमोड करून पाहू. तेव्हा अमेरिकेत सोन्याचा सरकारी भाव प्रति औंस ३५ डॉलर होता. एका किलोत साधारण ३२.१५ ट्रॉय औंस, म्हणजे किलोचा भाव सुमारे ११२५ डॉलर. आता १४ हजार विटा प्रत्येकी एक किलोच्या धरल्या तर किंमत येते १ कोटी ५७ लाख ५० हजार डॉलर. सिनेमात सांगितलेल्या १ कोटी ६० लाखांच्या अगदी जवळ. म्हणजे कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसलं असावं.

पण मग वजन होतं १४ टन. सोनं इतकं घन असतं की १४ टनांना एक घनमीटरही जागा लागत नाही. आपल्या गच्चीवरच्या एक हजार लिटरच्या पाण्याच्या टाकीत ते सगळं मावेल आणि वर जागा उरेल. वजनाचं काय? महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याचा नेहमीचा ट्रक खडबडीत रस्त्यावर अडीच टन माल नेण्यासाठी बनवलेला होता. असे सहा ट्रक लागतील. सिनेमात हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि खरं सांगायचं तर पाहताना आपणही विचारत नाही. आज ग्रॅमला १० हजार रुपये जरी धरले तरी हा ऐवज १४ हजार कोटींचा होतो. एवढ्या रकमेसमोर ट्रकच्या स्प्रिंगची काळजी कोण करणार?

सगळ्यात चांगला प्रसंग कोणता?

मतभेद असू शकतात, पण माझ्या मते बँकेसमोरचा. शेवटचा टायगर बँकेच्या दारात उभा आहे. ऑडबॉलचा शर्मन बंद पडलाय. लढून काही होणार नाही. मग केली, बिग जो आणि ऑडबॉल भर चौकातून टायगरच्या दिशेने चालत जातात. मागे लालो शिफ्रिन यांचं संगीत वाजतं, ईस्टवूडच्याच जुन्या इटालियन काउबॉयपटांची उघड नक्कल करणारं. वाटतं, आता गोळ्या सुटणार. प्रत्यक्षात होते ती बोलणी.

जर्मन रणगाड्याच्या प्रमुखाला ते समजावतात, की तू पण शिपाई, आम्ही पण शिपाई. तुला हुकूम आहे म्हणून तू या दारात उभा आहेस. आत जे आहे त्यातलं तुला काय मिळणार? तो विचार करतो. आणि ज्या तोफेने या तिघांचा चुराडा करायचा, तीच बँकेच्या दाराकडे वळते. सोन्यात जर्मनांनाही वाटा मिळतो.

सिनेमा टिकण्याचं मुख्य कारण मला इथे दिसतं. तीन दिवसांत या माणसांनी जे काही केलं, त्यातला हा एकच सौदा असा आहे ज्यात दोन्ही बाजूंना काय मिळणार हे आधी स्पष्ट सांगितलं गेलं. युद्धात असं कधी होत नाही. तिथे जोखीम एकाची आणि श्रेय दुसऱ्याचं. कॅप्टनला नौका, जनरलला कीर्ती, शिपायाला पुढचा हुकूम. नोकरी करणाऱ्या कुणालाही ही वाटणी ओळखीची वाटेल. कष्ट खालच्या मजल्यावर आणि बढती वरच्या, हे कळायला रणांगणावर जावं लागत नाही. म्हणूनच महायुद्धाशी काही देणंघेणं नसलेला पंचविशीतला प्रेक्षकही या टोळीच्या बाजूने उभा राहतो.

मग हा सैनिकांचा अपमान नाही का?

‘बॉर्डर’ आणि ‘उरी’ पाहून वाढलेल्या आपल्या पिढीला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. गणवेशातला माणूस पैशासाठी लढतोय, हे पाहणं आपल्याला जड जातं.

पण सिनेमा हसतो कुणाला, हे नीट पाहा. तो शिपायांना हसत नाही, त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना हसतो. आपल्याच तोफांचे गोळे आपल्यावर पडतात. आपलंच विमान शत्रू समजून आपल्या गाड्या उडवतं. आणि मध्ये एक सुरुंगांच्या शेताचा प्रसंग आहे, जिथे हसू एकदम थांबतं. एक पोरगा सुरुंगावर पाय पडून मरतो. बाकीचे पोटावर झोपून, जमीन टोचत टोचत एकेक इंच पुढे सरकतात. तेवढ्यात जर्मन तुकडी येते आणि आणखी दोघे तिथेच संपतात. उरलेले पुढे निघतात, कारण थांबून रडायला वेळ नाही. अडीच तासांच्या या धमाल सिनेमात ती काही मिनिटं सांगून जातात, की हा खेळ नाही. सैनिकाला पुतळा न करता माणूस म्हणून दाखवणं, भिणारा, दमणारा, लोभ सुटणारा, यात मला तरी अपमान दिसत नाही.

मग खटकतं काय?

एक गोष्ट, आणि ती लहान नाही. हे सोनं कुणाचं होतं?

सिनेमात हा प्रश्न येतच नाही. सोनं जर्मनांचं, म्हणजे कुणीही घ्यावं असं. इतिहास वेगळं सांगतो. नाझी जर्मनीने जिंकलेल्या देशांच्या तिजोऱ्या लुटल्या. बेल्जियमने सुरक्षिततेसाठी फ्रान्सकडे सोपवलेलं सुमारे २०० टन सोनं शेवटी बर्लिनला पोहोचलं. एप्रिल १९४५ मध्ये पॅटन यांच्या तिसऱ्या सेनेला जर्मनीतल्या मेर्कर्स इथल्या मिठाच्या खाणीत ८ हजारांहून अधिक सोन्याच्या विटा सापडल्या. १२ एप्रिलला आयझेनहॉवर, ब्रॅडली आणि पॅटन तिघेही ती पाहायला खाणीत उतरले. तिथेच एसएसने छळछावण्यांतल्या बळींकडून लुटलेला ऐवजही होता: अंगठ्या, घड्याळं, दातांमधलं सोनं. लुटलेलं सोनं देशांना परत करण्यासाठी १९४६ मध्ये नेमलेल्या त्रिपक्षीय आयोगाचं काम १९९८ पर्यंत चाललं.

हे माहीत झाल्यावर शेवटची वाटणी तितक्या निर्मळ मनाने पाहता येत नाही. टायगरचा जर्मन प्रमुख आणि बिग जो हातमिळवणी करतात तेव्हा ‘आपण सगळे साधे शिपाई’ हे वाक्य अर्धंच खरं वाटतं. त्या सोन्याचा तिसरा दावेदार त्या चौकात हजर नाही, म्हणून सौदा इतका सहज पटतो. १९९९ मध्ये आलेल्या ‘थ्री किंग्ज’ने आखाती युद्धात कुवेतमधून लुटलेल्या सोन्याची अशीच गोष्ट सांगताना नेमकी ही त्रुटी भरून काढली. तिथे सैनिकांना सोनं आणि जीव वाचवू पाहणारी सामान्य माणसं यांत निवड करावी लागते. ‘केलीज हिरोज’मध्ये फ्रेंच गावकरी शेवटी आनंदाने नाचतात. त्यांना सुटका मिळते, सोन्याचं कळतही नाही.

तर पाहावा का?

जरूर पाहावा. लांबी जास्त आहे, मधला भाग थोडा रेंगाळतो, आणि बायकांना या गोष्टीत जवळपास स्थानच नाही. हे मान्य करूनही संगणकाशिवाय उभी केलेली लढाई, रिकल्स आणि सवालस यांची खडाजंगी आणि सदरलँडचा ऑडबॉल यासाठी अडीच तास सत्कारणी लागतात.

पाहताना एक करा. जनरल कोल्ट पदकं घेऊन गावात पोहोचतो आणि गावकरी त्यालाच मुक्तिदाता समजून गराडा घालतात, तेव्हा क्षणभर हिशेब मांडा: कोणी किती जोखीम घेतली, कोणाच्या पदरात काय पडलं, आणि सुरुंगांच्या शेतात राहिलेल्या तिघांचा वाटा कुणाला गेला. त्यानंतर सोन्याचा ट्रक धुळीत दिसेनासा होतो आणि गाणं सुरू होतं. तेव्हा आपण हसतच असतो, पण सुरुवातीला हसत होतो तितक्या मोकळेपणाने नाही.